पक्क्या परवान्याची परीक्षा तालुक्याच्या गावी व्हावी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पश्चिम विदर्भातील एका कोरडवाहू तालुक्यात मी गेली एकोणीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आहे. यंदा, वयाच्या ४३व्या वर्षी, मी माझा पहिला वाहन परवाना काढला. त्या निमित्ताने जे पाहिले आणि सोसले, त्यातून एक मागणी आपल्या वृत्तपत्रामार्फत शासनापर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. पक्क्या परवान्यासाठी प्रत्यक्ष वाहन चालवून दाखवण्याची जी परीक्षा असते, ती प्रत्येक तालुक्याच्या गावी, महिन्यातून किमान दोनदा, आधी जाहीर केलेल्या दिवशी झालीच पाहिजे. बाकीचे बहुतेक काम आता घरबसल्या होते. ही एक परीक्षाच आमच्यापासून दूर राहिली आहे. खेड्यापाड्यांतील कितीतरी माणसे वर्षानुवर्षे परवान्याविना गाडी चालवतात किंवा दलालाच्या हाती पैसे ठेवून मोकळी होतात, त्यामागे बेफिकिरी आहेच. पण त्याहून मोठे कारण हे अंतर आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

इतकी वर्षे मला गाडीवाचून अडले नाही, कारण शाळा गावातच होती. दोन वर्षांपूर्वी बदली झाली आणि नवी शाळा घरापासून १४ किलोमीटरवर आली. सकाळची एसटी शाळा भरल्यानंतर अर्ध्या तासाने पोहोचते आणि परतीची एसटी शाळा सुटण्याआधीच निघून जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत यजमानांना शेत सोडून मला पोहोचवायला येणे जमत नाही. शेवटी बिनगिअरची एक स्कूटर घेतली आणि शिकाऊ परवाना हाती येईपर्यंत ती अंगणाबाहेर काढायची नाही, असे घरात ठरवले.

शिकाऊ परवान्याचे, म्हणजे लोकांच्या तोंडी ज्याला ‘लर्निंग’ म्हणतात त्याचे, काम खरोखर सोपे झाले आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. आधार क्रमांकाच्या ओळखीवर घरूनच चाचणी देण्याची सोय आपल्या राज्यात २०२१ पासून आहे. केंद्र सरकारच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर मी अर्ज भरला, परवान्याचे १५० आणि चाचणीचे ५० रुपये भरले, रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहिली आणि प्रश्न सोडवले. साठ टक्के उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होतो. माझे वय चाळिशीपुढचे असल्यामुळे डॉक्टरांचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्रही जोडावे लागले; चाळिशीच्या आतील व्यक्तीला खासगी वाहनासाठी ते लागत नाही, तिने नमुना १ मध्ये आपल्या प्रकृतीविषयी स्वतः घोषणा केलेली पुरते.

या नमुना १ विषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तो वाचल्याशिवाय भरला जातो. त्यात एक प्रश्न असा आहे की, चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटर अंतरावरून मोटारीची नंबरपाटी तुम्हाला वाचता येते का. मी ‘होय’वर खूण करणारच होते; मग वाटले, विद्यार्थ्यांना आपण मोजून पाहायला सांगतो, तर स्वतःही मोजून पाहावे. कबड्डीचे मैदान आखायचा शाळेचा टेप आणला, फाटकापाशी यजमानांची मोटरसायकल उभी केली आणि २५ मीटरवर जाऊन उभी राहिले. उजव्या डोळ्याने पाटी नीट वाचता आली. उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिले, तर ३ कोणता आणि ८ कोणता हे कळेना. दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन डोळे तपासून घेतले आणि चष्मा लागला. तो एक प्रश्न मी आपल्या हाताने भरला नसता, तर रस्त्यावर आल्यावर पुढे केव्हातरी त्याची किंमत मोजावी लागली असती. अर्ज दुसऱ्याने भरून दिला की ही ‘होय’ची खूण अर्जदाराला न विचारताच होते, आणि ज्या घरबसल्या चाचणीचे मी कौतुक केले, तीसुद्धा अनेकदा अर्जदाराला शेजारी बसवून दुसराच कोणी सोडवतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परवाना काढणाऱ्या प्रत्येक तरुण-तरुणीला माझी कळकळीची विनंती आहे की, हा अर्ज आणि ही चाचणी आपली आपण द्यावी.

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून ३० दिवस पूर्ण होईपर्यंत पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही, आणि हा शिकाऊ परवाना ६ महिनेच चालतो. त्या काळात वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर लावावे लागते आणि दुचाकीवर शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज दुसऱ्या कोणाला मागे बसवता येत नाही. आमच्या भागात या पाटीची मुलांना लाज वाटते, ती लावलेली गाडी मी गावात दुसरी पाहिली नाही. मला मात्र त्या पाटीचा आधार वाटला. ती पाहून ट्रकवालेही थोडे अंतर ठेवून पुढे गेले.

हे ३० दिवस म्हणजे कायद्याने दिलेली खरी शाळा आहे. पहिला आठवडा मी शाळेच्या मैदानावरच गोल फिरत होते. मग पांदण रस्त्यावर आले, तिथून डांबरी रस्त्यावर. सोबत मागे यजमान असत. पहाटे रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रस्ता ओलांडत असतो. एक रोही गेला म्हणून गाडी पुढे काढली की मागचे दोन अंगावर येतात, म्हणून थांबून पूर्ण कळप जाऊ द्यायचा. दिवस मावळल्यावर शेतातून परतणाऱ्या बैलबंडीला मागे दिवा नसतो आणि चकाकणारी पट्टीही नसते. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉलीतला कापूस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला असतो की तिच्या शेजारून जाताना मागचे काहीच दिसत नाही. चाचणीतल्या प्रश्नांमध्ये यातले काही नव्हते, आणि असायला हवे होते असेही माझे म्हणणे नाही. हे रस्त्यावरच, कोणीतरी जाणते सोबत असताना शिकायचे असते. जो दलालाकडून परवाना घेतो, त्याचे हे ३० दिवस कॅलेंडरवर तेवढे जातात.

आता मूळ अडचणीकडे येते. परिवहन विभागाची शिबिरे तालुक्याच्या गावी होतात, त्यांना आमच्याकडे ‘कॅम्प’ म्हणतात. महिन्यातून एक दिवस निरीक्षक येतात आणि त्या एका दिवसात परीक्षा, वाहनांची तपासणी, नूतनीकरणाची कामे असे सगळे उरकावे लागते. मला वेळ मिळालेला पहिला कॅम्प आदल्या दिवशी रद्द झाल्याचे कळले. दुसरा झाला. बाजाराच्या आवारात फक्कीने आठचा आकडा आखला होता. माझा क्रमांक आला तेव्हा उन्हाने दुपार चढली होती आणि माझ्या आधीच्या गाड्यांच्या चाकांनी त्या आठच्या मधला भाग पुसून गेला होता. आकडा कुठे वळतो ते अंदाजानेच ठरवायचे होते. दुसऱ्या वळणावर माझा डावा पाय जमिनीला टेकला. निरीक्षकांनी अनुत्तीर्ण ठरवले आणि ते योग्यच केले. पाय टेकल्यावरही उत्तीर्ण झाले असते तर मलाच त्या परवान्याचा विश्वास वाटला नसता.

नियमाप्रमाणे अनुत्तीर्ण उमेदवाराला ७ दिवसांनंतर पुन्हा परीक्षा देता येते. शहरातल्या उमेदवाराला हे ७ दिवस खरोखरच ७ दिवस असतात. आमच्यासाठी ते पुढच्या कॅम्पपर्यंतचा पूर्ण महिना असतात, आणि तो कॅम्प रद्द झाला तर दोन महिने. ज्याला घाई आहे त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी जावे, असे सांगितले जाते. आमच्या गावापासून ते ठिकाण ८५ किलोमीटर आहे. परीक्षा द्यायची तर वाहन आपलेच न्यावे लागते. कागद संगणकावरून जातात, परवाना टपालाने घरी येतो, पण स्कूटर कशी न्यायची? शिकाऊ परवान्यावरच्या बाईने राष्ट्रीय महामार्गावरून ८५ किलोमीटर स्कूटर चालवत जावे, तीही परीक्षेला, म्हणजे आपल्याला चालवता येते की नाही हे तपासून घ्यायला? शिकवणाऱ्याला मागे बसवून न्यावे तर त्याचाही दिवस बुडतो. मालवाहू गाडीत टाकून नेली तर तिचे भाडे परवान्याच्या शुल्काहून जास्त होते.

दलालाचा धंदा नेमका या ठिकाणी उभा राहतो. केंद्रीय नियमांप्रमाणे एका प्रकारच्या वाहनाच्या परीक्षेचे ३०० आणि परवान्याचे २०० रुपये लागतात; शिकाऊ परवान्याचे धरून सगळे मिळून ७००, वर टपालखर्च. माझ्याकडे एकाने साडेतीन हजार मागितले. त्याचे म्हणणे होते, “गाडी आमची, काम आमचं, तुम्ही फक्त एक दिवस या.” लोक त्याला पैसे देतात ते सगळेच लबाड असतात म्हणून नव्हे. जिल्ह्याला दोन खेपा, दोन दिवसांची मजुरी, गाडी नेण्याचा खर्च यांचा हिशेब केला तर त्याचे साडेतीन हजार गरीब माणसालाही स्वस्त वाटू लागतात. परीक्षा जवळ आणली तर हा हिशेबच बदलेल. मी पैसे दिले नाहीत, कारण मला पगारी रजा मिळते आणि यजमानांनी साथ दिली. शेतमजूर बाईजवळ यातले काहीच नसते.

परवाना नसल्याची किंमत किती मोठी असते, हे मला आमच्या शेजारच्या एका कुटुंबावरून कळले. घरातला कर्ता शेतकरी संध्याकाळी मोटरसायकलवरून परतताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विनादिव्याच्या ट्रॉलीवर आदळून गेला. महिनाभराने त्याची पत्नी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. सातबारा, आठ-अ, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा असे सगळे तिने नीट घडी घालून ठेवले होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. पण शेतकरी स्वतः वाहन चालवत होता असे दिसले की त्याचा वैध परवाना मागितला जातो. पिशवीच्या तळाशी दोन कागद निघाले. दोन्ही शिकाऊ परवाने होते, वेगवेगळ्या वर्षांचे, दोन्हींची मुदत संपलेली. “मॅडम, हे चालन का?” असे तिने विचारले. त्या माणसाने दोन वेळा अर्ज केला होता, दोन वेळा पैसे भरले होते आणि दोन्ही वेळा पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत परीक्षेला जाणे राहून गेले होते. पंधरा वर्षे तो गाडी चालवत होता. कायद्याच्या लेखी तो शेवटपर्यंत चालक झालाच नाही.

विम्याचेही तसेच आहे. वाहनमालक स्वतः चालवत असताना अपघात झाला तर त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते मिळण्यासाठी मालकाजवळ वैध परवाना असावा लागतो. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली आणि चालकाजवळ परवाना नसला, तर विमा कंपनीला जखमीला भरपाई द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच स्पष्ट केले आहे. म्हणजे ५,००० रुपयांचा दंड ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट. खरी भीती शेत विकण्याची आहे. आमच्याकडे लोक पोलीस कोणत्या चौकात उभे आहेत याची चौकशी करतात, विम्याची करत नाहीत.

शिक्षिका म्हणून आणखी एका गोष्टीविषयी लिहिले नाही तर मी माझ्या कामाशी प्रतारणा केल्यासारखे होईल. नववी-दहावीची मुले मोटरसायकलवर शाळेत येतात आणि गुरुजनांनी पाहू नये म्हणून गाडी फाटकाच्या अलीकडे लिंबाखाली लावतात. १६ वर्षे पूर्ण झालेल्यांना फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते. घराघरांत असलेल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांसाठी १८ वर्षे पूर्ण लागतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहनासंबंधी गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. पालकसभेत मी हे वाचून दाखवले तेव्हा एक वडील म्हणाले, “मॅडम, अठरा पूर्ण झालेल्या मोठ्यालाच लायसन्स नाही, लहान्याचं काय सांगता?” त्यांचे बोलणे मला उद्धट वाटले नाही. मोठ्याला परवाना काढणे सोपे झाले की लहान्याला ‘तुझं वय होऊ दे’ असे सांगण्याचा अधिकार त्या घराला मिळेल.

ट्रॅक्टरविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. त्यासाठी जड वाहनाचा परवाना लागतो असे समजून अनेक शेतकरी परवान्याच्या वाटेलाच जात नाहीत. ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाचे वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायम ठेवला. शेतीचा नेहमीचा ट्रॅक्टर त्यात बसतो. कृषी विभागाच्या गावोगावच्या सभांमध्ये बियाण्यांबरोबर ही माहितीही दिली जावी.

तालुक्याला परीक्षा घेण्यासाठी फार मोठा खर्च येईल असे मला वाटत नाही. आयटीआयचे मैदान किंवा बाजार समितीचे आवार जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे. तिथे फक्कीऐवजी पक्क्या रंगाने मार्ग एकदाच आखून ठेवावा, म्हणजे सकाळच्या पहिल्या आणि दुपारच्या शेवटच्या उमेदवाराची परीक्षा सारखी होईल. वर्षभराच्या तारखा जानेवारीतच तहसील कार्यालयात आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. कॅम्प रद्द करावाच लागला तर १५ दिवसांच्या आत तो पुन्हा घ्यावा, आणि रद्द झालेल्या कॅम्पमुळे ज्यांच्या शिकाऊ परवान्याची मुदत संपेल, त्यांच्याकडून पुन्हा शुल्क घेऊ नये. ही चूक त्यांची नसते. परीक्षेसाठी सावली आणि पिण्याचे पाणी असावे हे वेगळे सांगायला लागू नये, पण विदर्भातला मे महिना लक्षात घेऊन सांगते. निरीक्षकांची संख्या अपुरी आहे असे उत्तर येईल. ते खरे असेल, तर पदे भरण्याची मागणी त्या विभागाने आमच्यासोबत करावी. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे आणि मेळघाटातल्या धारणीहून अमरावती सुमारे १५०. तिथल्या उमेदवारांच्या मानाने माझे ८५ किलोमीटर काहीच नाहीत.

मी शेवटी पुढच्या कॅम्पमध्ये, मधला महिना रोज सायंकाळी शाळेच्या मैदानावर आठचा आकडा गिरवून, उत्तीर्ण झाले. परवाना टपालाने घरी आला. माझ्या वयाला तो १० वर्षांचा मिळतो, तिशीच्या आतल्यांना चाळिसाव्या वर्षापर्यंत मिळतो. तो आल्याचे पाहून शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या दोघी, गावातली आशा सेविका आणि एक अंगणवाडी सेविका अशा चौघींनी शिकाऊ परवाने काढले. अर्ज चौघींनी आपापल्या हाताने भरले, पाटी २५ मीटरवरून चौघींनी वाचली. एकाच स्कूटरवर पाळीपाळीने त्या रोज सरावाला येतात आणि चौघींचाही पाय आता टेकत नाही. मध्ये दोन कॅम्प झाले नाहीत. त्यांच्यापैकी दोघींच्या शिकाऊ परवान्याची मुदत येत्या महिन्याच्या अखेरीस संपते आहे, आणि पुढच्या कॅम्पची तारीख अजून जाहीर झालेली नाही. ती त्वरित जाहीर व्हावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, पश्चिम विदर्भ
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)